मूळ भाषेचा सातबारा

२६ मे २०१४ रोजी यरुशलेममध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू पोप फ्रान्सिस यांना म्हणाले की येशू इथलाच, याच भूमीतला, तो हिब्रू बोलायचा. पोपनी जागच्या जागी दुरुस्ती केली: अरामी, म्हणजे त्या काळी तिथे बोलली जाणारी, हिब्रूच्या नात्यातली भाषा. नेतान्याहूंनी सावरून घेतलं: बोलायचा अरामी, पण हिब्रू त्याला येत होती. वार्ताहरांना मथळा मिळाला, भाषातज्ज्ञांनी दोघांनाही थोडे थोडे गुण दिले. प्रसंग गमतीचा खरा, पण त्यामागचं गृहीतक गमतीचं नव्हतं. येशूची भाषा ठरली की येशू कोणाचा हेही ठरतं, असं धरूनच ही चकमक झाली होती.

हेच गृहीतक नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या, मूळ भाषेवरच्या वादात दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. एक पक्ष म्हणतो, नवा करार मुळात अरामीत लिहिला गेला, ग्रीक प्रत हे त्याचं भाषांतर, तेही ठिकठिकाणी चुकलेलं. पूर्वेकडचा, यहुदी, खराखुरा येशू युरोपने ग्रीक पडद्याआड दडवला. दुसरा पक्ष म्हणतो, पुस्तकं ग्रीकमध्ये आहेत, मग येशूच्या शिष्यांचा, गालीलच्या कोळ्यांचा, त्यांच्याशी काय संबंध? हा सगळा पौल या धर्मप्रचारकाचा, नाहीतर रोमी साम्राज्याचा उद्योग. आपल्याकडे तर एकच माणूस सोयीप्रमाणे सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा मुद्दा मांडताना दिसतो.

माझं म्हणणं असं, की नव्या कराराची पुस्तकं ग्रीकमध्येच लिहिली गेली आणि याचा पुरावा जवळजवळ एकतर्फी आहे. तरीही त्यातून दुसऱ्या पक्षाला हवा असलेला निष्कर्ष निघत नाही. दोन्ही पक्ष मूळ भाषेकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं पाहतात: नाव कोणाचं लागलंय, मालकी त्याची. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत हा उताराच गैरलागू आहे.

अरामी पक्षाला हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल, कारण त्याच्या हातात चांगली पानं आहेत. येशू रोजच्या व्यवहारात अरामी बोलायचा, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, तो मेलेल्या मुलीचा हात धरून 'तलीथा कूम' म्हणतो, बहिऱ्याच्या कानात बोटं घालून 'एप्फाथा' म्हणतो, आणि क्रुसावर 'एलोई, एलोई, लमा सबखथनी' असा हंबरडा फोडतो. पौल ग्रीक वाचकांना पत्रं लिहितानाही 'आब्बा' आणि 'मारानाथा' हे शब्द तसेच ठेवतो. शिवाय जुनी साक्ष आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप पापियास सांगतो की मत्तयाने प्रभूची वचनं 'हिब्रू भाषेत' जुळवली आणि ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे त्यांचा अर्थ लावला. ही साक्ष ज्याने जपून ठेवली त्या चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने पापियासची बुद्धी तोकडी होती असाही शेरा मारून ठेवलाय, ते सोडून देऊ. याच युसेबियसकडे आपल्याशी नातं सांगणारी आणखी एक हकिकत आहे. अलेक्झांड्रियाचा पँटेनस 'इंडिया'ला गेला तेव्हा तिथे त्याला हिब्रू अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान सापडलं, बर्थलमय या प्रेषिताने मागे ठेवलेलं. ही जागा म्हणजे आपलं कल्याण, असं मानणारे लोक आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय, त्यामुळे या समजुतीला थोडा तरी टेकू मिळतो. मात्र त्या काळी 'इंडिया' म्हणताना अरबस्तान आणि इथिओपियाही त्यात सहज घुसत असत.

यापेक्षा वजनदार मुद्दा हा की मूळ ग्रंथ हरवून भाषांतरच उरणं त्या जगात नवलाचं नव्हतं. यहुदी युद्धाचा इतिहास आपण आधी मायबोलीत लिहिला आणि मग ग्रीकमध्ये आणला, असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस स्वतः सांगतो. ती मायबोलीतली प्रत गडप झाली. बेन सीरा या यहुदी पंडिताच्या नीतिवचनांचं हिब्रू मूळ ख्रिस्ती जगाला कित्येक शतकं ठाऊकच नव्हतं. १८९६ साली अॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासात विकत घेतलेल्या पानांत त्याचा एक तुकडा निघाला आणि मग कैरोच्या गेनिझातून, म्हणजे सभास्थानातल्या जुन्या पोथ्यांच्या कोठीतून, आणखी पानं मिळाली. हनोखाचं पुस्तक हा प्राचीन यहुदी ग्रंथ समग्र उरला तो इथिओपियाच्या गीझ भाषेत, पण मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे सापडले. मग नव्या कराराचंही असंच झालं नसेल कशावरून?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर याच उदाहरणांत दडलंय. या प्रत्येक ठिकाणी मूळ वेगळ्या भाषेत होतं हे आपल्याला कोणीतरी सांगतं किंवा जमीन सांगते. जोसेफस सांगतो, बेन सीराचा नातू प्रस्तावनेत आपण भाषांतर करतोय म्हणतो आणि हिब्रूतला जोर दुसऱ्या भाषेत उतरत नाही अशी भाषांतरकाराची सनातन रडकथाही ऐकवतो, आणि कुमरानमध्ये चर्मपत्रंच हाती येतात. नव्या करारातल्या एकाही लेखकाने असं म्हटलेलं नाही आणि पहिल्या शतकातला अरामी शुभवर्तमानाचा एक चिटोराही सापडलेला नाही. केवळ न सापडण्यावर मी भिस्त ठेवणार नाही. पुस्तकं आतून काय सांगतात ते बघू.

सुरुवात शुभवर्तमानांपासून करणं हीच मुळात गफलत आहे. नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं, साधारण इसवी सन ५० ते ६० या काळातली. ती कुठे गेली? थेस्सलनीका, फिलिप्पै, करिंथ, रोम. करिंथ तर रोमनांनी इसवी सनपूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेलं आणि ४४ मध्ये रोमी वसाहत म्हणून पुन्हा उठवलेलं शहर. तिथल्या यहुद्यांसाठी अरामीत लिहिलं असेल, असं म्हणावं तर पत्रंच आडवी येतात. तुम्ही मूर्ती सोडून देवाकडे वळलात, असं पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. करिंथकरांना तो मुक्या मूर्तींकडे ओढले जात होतात त्या दिवसांची आठवण देतो. यहुद्यांना उद्देशून हे कोण बोलेल? रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तर लेखनिकच मध्ये डोकावतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय तुम्हाला सलाम सांगतो. नाव अस्सल लॅटिन. पौल तोंडी सांगतोय, तर्तिय उतरवून घेतोय, पत्र रोमला निघालंय. या चित्रात अरामी बसवायची कुठे?

आता मार्क. वर दिलेली अरामी वाक्यं अरामी पक्षाचे हुकमाचे एक्के मानली जातात, पण मार्क ती वाक्यं देऊन थांबत नाही, लगेच त्यांचा अर्थ सांगतो. यहुदी लोक हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, हेही तो वाचकाला समजावून देतो. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन बारीक नाणी, किती किमतीच्या, हे तो रोमी नाण्यात सांगतो. हा वाचक अरामी जाणणारा यहुदी खचित नाही. आणि अरामी पक्ष ज्या पेशित्ता बायबलला, म्हणजे सिरियाक या अरामी बोलीतल्या बायबलला, मूळ मानतो त्या पेशित्तामध्ये क्रुसावरच्या आरोळीपाशी काय आहे? तिथे आरोळी अरामीत आहे, मग 'म्हणजे' असं आहे, आणि मग पुन्हा अरामीतच तिचा अर्थ आहे! समोरच्या ग्रीक पानावरचा 'म्हणजे' भाषांतरकाराने इमानेइतबारे उतरवून घेतला म्हणूनच असं होतं. मूळ लिहिणारा आपल्याच भाषेतलं वाक्य आपल्याच भाषेत समजावून कशाला सांगेल?

मत्तयाचंही तेच. त्याने मार्कचा फार मोठा भाग घेतलाय, आणि कितीतरी ठिकाणी ग्रीक शब्द न् शब्द तोच आहे. ओसाडी आणणाऱ्या अमंगळाच्या भाकितात 'वाचणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे' असा कंस मार्कमध्ये येतो आणि मत्तयातही नेमक्या त्याच जागी येतो. दोन माणसांनी अरामीतून वेगवेगळी भाषांतरं केली तर असला कंस असा जुळून येत नाही. पापियासने ऐकलेली वचनांची यादी खरंच अस्तित्वात असेल, मला ती असण्याची शक्यता चांगलीच वाटते. पण ती आपल्या हातातलं मत्तयाचं पुस्तक नव्हे.

इब्री लोकांस पत्र हे नावावरून तरी हिब्रूतलं असायला हवं होतं. त्याच्या पहिल्याच वाक्यात 'प'चा पाच वेळा आलेला ग्रीक अनुप्रास आहे, भाषांतरात अपघाताने साधणार नाही असा. पुढे दहाव्या अध्यायात लेखक ४०व्या स्तोत्रातली ओळ घेतो. हिब्रूत तिथे देवाने 'कान' उघडल्याचं आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, 'शरीर' सिद्ध केल्याचं आहे. लेखक ग्रीक पाठ उचलतो आणि येशूच्या शरीराच्या अर्पणाचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा करतो. 'कान' घेतले तर युक्तिवादच कोसळतो.

आणि तो प्रसिद्ध उंट. सुईच्या नाकातून उंट जाणार कसा, अरामीतल्या 'गमला'चा अर्थ दोरखंड असाही होतो, ग्रीक भाषांतरकार फसला, असा मोठ्या विजयाने सांगितला जाणारा मुद्दा. दोरखंडाची कल्पना प्राचीन ग्रीक टीकाकारांनाही सुचली होती, तीही ग्रीकमधल्याच एका सारख्या उच्चाराच्या शब्दावरून. म्हणजे त्यासाठी अरामीची गरजच नाही. मुळात दुरुस्ती हवीच कशाला? बॅबिलोनी तालमूदमध्ये सुईच्या नाकातून हत्ती जाण्याची गोष्ट आहे, आणि तिथे कोणी हत्तीचा दोरखंड करायला जात नाही. याच येशूने मुरकूट गाळून उंट गिळणाऱ्यांची टर उडवली आहे. अतिशयोक्ती हा त्याच्या बोलण्याचा ढंगच होता, आणि ज्यांना तो सोसत नाही ते शब्दकोश उघडून बसतात.

पेशित्ताबद्दल आणखी एकच. तिची सिरियाक ही एदेसाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाच्या परिसरातली अरामी. येशूची गालीली अरामी तिची बहीण म्हणावी फार तर. आणि मूळ पेशित्तामध्ये नव्या कराराची २२ पुस्तकं आहेत, पेत्राचं दुसरं पत्र, योहानाची दोन छोटी पत्रं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण तिच्यात नाहीत. मूळ संग्रहच जर अरामी असेल, तर ही पाच पुस्तकं कुठून आली?

इथे दुसरा पक्ष टाळ्या वाजवू लागतो. ग्रीक ठरलं ना, मग येशूचा तो पंथ यहुदी राहिलाच कुठे? या टाळ्यांमागे एक अडाणी समजूत आहे: अरामी म्हणजे इथली, ग्रीक म्हणजे परकी. पहिल्या शतकातल्या यरुशलेममध्ये असं काही नव्हतं. १९१३-१४च्या उत्खननात तिथे एक शिलालेख मिळाला, दहा ओळींचा, इसवी सन ७०च्या विध्वंसाच्या आधीचा. थिओडोटस नावाचा माणूस सांगतो की तो याजक आहे, सभास्थानाचा प्रमुख आहे, त्याचा बाप आणि आजाही तेच होते, आणि नियमशास्त्राच्या वाचनासाठी व आज्ञांच्या शिकवणुकीसाठी त्याने हे सभास्थान बांधलं. सोबत परगावाहून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या आणि पाण्याची सोय. तीन पिढ्यांचा सभास्थानप्रमुख, मोशेचं नियमशास्त्र, मंदिराचं शहर, आणि शिलालेख अथपासून इतिपर्यंत ग्रीक. याहून यहुदी काय असणार? पुढे रोमविरुद्धच्या १३२ ते १३५च्या बंडात, बंडाचा नेता बार कोखबा याच्या छावणीतलं एक पत्र यहुदियाच्या वाळवंटातल्या गुहेत सापडलं. सणासाठी खजुराच्या झावळ्या आणि महाळुंगं पाठवा, असा मजकूर. लिहिणारा म्हणतो, हिब्रूत लिहिणं जमलं नाही म्हणून ग्रीकमध्ये लिहितोय. कडव्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीची ही कथा, आणि आपण गालीलच्या वाटेवरच्या माणसांना ग्रीकचा वारा लागला नव्हता म्हणतो. बारा शिष्यांतल्या अंद्रिया आणि फिलिप्प यांची नावंच ग्रीक आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण येतं, आणि ते असतं विधवांच्या रोजच्या जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार अशी की आमच्या विधवांना डावललं जातंय. तोडगा म्हणून सात जण नेमतात: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. हे सगळं यरुशलेममध्ये घडतंय, पौल अजून रंगमंचावर यायचाय. तेव्हा ग्रीक ही पौलाने नंतर बाहेरून आणून घातलेली भेसळ नव्हती. ती पहिल्या पंगतीपासून पानात होती. खुद्द पौलही याच दुभाषी जगातला. यरुशलेममध्ये जमाव अंगावर येतो तेव्हा तो रोमी सरदाराशी ग्रीकमध्ये बोलतो, परवानगी मिळताच पायऱ्यांवर उभा राहून लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू लागतो आणि जमाव गप्प होतो.

मग मूळ भाषेचा एवढा हट्ट येतो कुठून? आपल्याकडे त्याचं कारण हाताशी आहे. 'इंद्रशत्रु' या समासातला स्वर चुकला आणि इंद्राला मारायला निघालेला वृत्र स्वतःच मेला, ही कथा ज्या परंपरेत लहानपणी ऐकायला मिळते, तिथे पवित्र ग्रंथाचा ध्वनी बदलला की सगळंच गेलं, असं वाटणं साहजिक आहे. इस्लाममध्येही कुराणाचं भाषांतर हे कुराण नव्हे. हा एक नमुना झाला. पण याच मातीत दुसरा नमुनाही आहे. महानुभाव पंथाचे केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, कारण पंथातल्या संस्कृत न कळणाऱ्या म्हाताऱ्या नागवल्या गेल्या असत्या. ख्रिस्ती धर्म या दुसऱ्या कुळातला आहे, आणि ते कूळ त्याच्याही आधीचं आहे. मोशेचं नियमशास्त्र ग्रीकमध्ये आलं म्हणून अलेक्झांड्रियाचे यहुदी दरवर्षी फारोस बेटावर उत्सव करत, असं तिथलाच यहुदी तत्त्वज्ञ फिलो लिहितो. भाषांतराचा उत्सव! पुढे रब्बींच्या परंपरेत याच दिवसाला सोन्याचं वासरू घडवलं त्या दिवसाइतका काळा दिवस म्हटलं गेलं, हेही खरं. एकाच घटनेबद्दल दोन यहुदी मतं, आणि ख्रिस्ती मंडळी पहिल्या मताची वारस झाली. येशूची वचनं तिने येशूच्या भाषेत जपली नाहीत, मूठभर शब्द सोडले तर. तिला ते गरजेचंच वाटलं नाही.

गरजेचं वाटलं ते फार पुढे, आणि तेव्हा काय तमाशा झाला तो ऑगस्टीनच्या पत्रात आहे. साधारण ४०३ साली ओइया गावी, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, बिशपने जेरोम या पंडिताचं जुन्या कराराचं थेट हिब्रूवरून केलेलं नवं लॅटिन भाषांतर वाचायला घेतलं. योना या संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दुधीभोपळ्याचा म्हणून माहीत होता, जेरोमने त्याचा आयव्ही केला. चर्चमध्ये गोंधळ उडाला, बिशपने गावातल्या यहुद्यांना विचारलं, त्यांनीही जुन्याच पाठाला कौल दिला, आणि माणसं सोडून जातील या भीतीने बिशपने शब्द मागे घेतला. जेरोम मूळ भाषेच्या बाजूने, ऑगस्टीन प्रचलित भाषांतराच्या बाजूने. दोघंही पुढे संत झाले.

मूळ भाषेचा मान राखावा, पण तिच्या नावाने दंडुका उचलला की काय होतं ते भारताने पाहिलंय. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने केरळात उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथल्या थॉमसच्या ख्रिस्ती लोकांचं बायबल सिरियाक, पेशित्ता. पोर्तुगीजांचं लॅटिन. सभेने ठरवलं की सिरियाक बायबल अपुरं आहे, लॅटिनबरहुकूम दुरुस्त करा. कितीतरी सिरियाक पोथ्या जाळल्या गेल्या. कमतरतांच्या यादीत ती पाच पुस्तकं होती, ते समजण्यासारखं. पण त्याच यादीत योहानाच्या पहिल्या पत्रातलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्यही होतं. हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच. ते लॅटिनमध्ये मागाहून शिरलं. नव्या कराराचा ग्रीक पाठ छापणाऱ्या इरॅस्मस या पंडिताने १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, ओरडा झाल्यावर १५२२ मध्ये घातलं. म्हणजे केरळातली सिरियाक प्रत इथे बरोबर होती, आणि ती 'सुधारायला' आलेले चूक होते. बरोबर का होती? तिच्या भाषांतरकारांसमोर जी ग्रीक प्रत होती तिच्यात ही भर पडलेली नव्हती, म्हणून. पेशित्ता भाषांतर असूनच इथे विश्वासार्ह ठरते.

अरामी पक्षाच्या मनातली सल मी समजू शकतो. तुमचं बायबल खोटं, आमचं खरं, हे ज्यांनी शतकानुशतकं ऐकलं, त्यांनी एक दिवस आमचंच मूळ, तुमचं भाषांतर, असं उलटून म्हणावं यात नवल काही नाही. नेतान्याहू आणि पोप यांच्या त्या संवादानंतर काही आठवड्यांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, इराकमधल्या निनवे मैदानातली काराकोशसारखी अरामी बोलणारी ख्रिस्ती गावं आयसिसच्या धाकाने रिकामी झाली. त्या भाषेसाठी करण्यासारखं खूप आहे: तिच्या पोथ्या वाचणं, तिच्या शाळा चालवणं. नव्या कराराच्या मूळ प्रतीचा खोटा मान तिच्या गळ्यात घालून त्यातलं काहीच होत नाही.

उद्या यहुदियाच्या एखाद्या गुहेत पहिल्या शतकातलं अरामी शुभवर्तमान निघालंच, तर मार्क आणि मत्तय यांच्याबद्दल वर लिहिलेलं बरंच काही मला मागे घ्यावं लागेल, आणि ते मी आनंदाने घेईन. तरीही करिंथकरांचं पत्र ग्रीकच राहील, थिओडोटसचा दगडही. तोवर ज्यांना ग्रीक पाठ हे फसलेलं भाषांतर वाटतं, त्यांनी उंट बाजूला ठेवावा आणि पौलाच्या एखाद्या पत्रातला एक सबंध अध्याय अरामीतून आधी सुचल्याशिवाय ग्रीकमध्ये असा लिहिलाच गेला नसता, हे ओळीओळीने दाखवावं.